झोपेच्या गोळीची नोंद कुठे जाते? नियंत्रित औषधांच्या चिठ्ठ्यांवरील देखरेख

अल्प्राझोलामच्या गोळ्यांची पट्टी उलटून पाहिली, की लाल अक्षरांतले 'एनआरएक्स' हे चिन्ह आणि लाल रेघांच्या चौकटीतला एक इशारा दिसतो. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची किरकोळ विक्री करू नये, असा त्याचा आशय. अक्षरे इतकी बारीक की साठी उलटलेल्या माणसाला ती चष्मा लावूनही धड वाचता येत नाहीत, आणि ही गोळी घेणाऱ्यांत साठी उलटलेली माणसे पुष्कळ असतात. मुले मुंबईला आणि आईवडील गावी अशा कोकणातल्या घरांत, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहिलेली दिसते. चाकरमानी मुलगा गणपतीला येताना दोन-चार पट्ट्या घेऊन येतो, गावातला मेडिकलवाला ओळखीखातर चिठ्ठी न बघता आणखी एखादी देतो, आणि तालुक्याच्या डॉक्टरांना यातले काहीच ठाऊक नसते. यात कोणाचा हेतू वाईट नाही. तरीही त्या आईच्या पोटात महिन्याला एकूण किती गोळ्या जातात, हे सांगू शकेल असा माणूस या साखळीत कुठेच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी जगात काही ठिकाणी सरकारने अशा औषधांच्या चिठ्ठ्यांवर देखरेख ठेवणारी व्यवस्था उभी केली आहे. ती कशी चालते, तिने काय साधले, तिच्यामुळे कोणाचे हाल झाले आणि आपल्याकडे आज प्रत्यक्षात काय आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण असा निर्णय आज ना उद्या आपल्याकडेही घ्यावा लागणार आहे.

कोणती औषधे, आणि का

नियंत्रित औषधांवर बंदी नसते. ती उपयोगाची असतात, अनेकदा त्यांच्यावाचून चालत नाही. परंतु त्यांची सवय लागू शकते किंवा ती वेगळ्याच कारणासाठी वापरली जाऊ शकतात, म्हणून त्यांच्या विक्रीला शिस्त लावलेली असते. त्यांत मुख्यतः तीन गट येतात. पहिला गट अफूवर्गीय वेदनाशामकांचा: मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन. दुसरा गट झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा: अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. तिसरा गट उत्तेजकांचा असून त्यातले मिथाइलफेनिडेट हे अतिचंचल व एकाग्रता नसलेल्या मुलांच्या उपचारात वापरतात.

पहिल्या दोन गटांतील औषधे एकाच वेळी पोटात गेली, तर दोन्हींचा मेंदूच्या श्वसन नियंत्रित करणाऱ्या भागावर परिणाम होतो आणि श्वास मंदावत जाऊन माणूस झोपेतच दगावू शकतो. एका डॉक्टरांनी पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल लिहिले आणि दुसऱ्यांनी झोपेसाठी डायझेपाम, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. धोका त्या दोन चिठ्ठ्या एकत्र येण्यात असतो. शिवाय झोपेची गोळी फार काळ घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर त्याला आकडी येऊ शकते. म्हणून 'सवय लागली आहे, उद्यापासून गोळी बंद' असे फर्मान घरच्यांनी काढणे हेही तितकेच धोक्याचे आहे. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू मात्रा उतरवत सोडायची असते.

हा प्रश्न पंजाबचा किंवा मुंबईच्या पबमधला आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातले सुमारे १.१८ कोटी भारतीय, म्हणजे १.०८ टक्के, झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा वैद्यकीय कारणाविना वापर करत होते. औषध म्हणून बनवलेल्या अफूवर्गीय पदार्थांचे प्रमाण जवळपास तितकेच, ०.९६ टक्के होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हा सीमाशुल्क विभाग, पोलीस आणि वृत्तवाहिन्या सारेच किनाऱ्यावर धावले, आणि ते रास्तच होते. समुद्रातून येणाऱ्या पाकिटावर जेवढे डोळे असतात, त्याच्या शतांशानेही घरातल्या कपाटातील पट्टीवर नसतात, याची मला खंत वाटते.

आपल्याकडचा कायदा: कागदावर कडक

आपल्याकडे दोन कायदे एकत्र लागू होतात. एक, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, आणि त्याखालील १९४५ चे नियम. दुसरा, १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला सारे एनडीपीएस कायदा म्हणतात. पहिल्या कायद्याच्या नियमांत औषधांच्या याद्या आहेत. 'शेड्यूल एच' म्हणजे केवळ चिठ्ठीवर विकायची औषधे. 'शेड्यूल एक्स' ही सर्वांत कडक यादी असून तिच्यात मिथाइलफेनिडेट, केटामाइन यांसारखी औषधे येतात. ती विकण्यासाठी वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यांतली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. या दोहोंच्या मधली 'शेड्यूल एच-वन' ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीच्या ४६ औषधांत प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधेच अधिक होती, पण त्यांच्यासोबत अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसीन, झोल्पिडेम यांसारखी सवय लावणारी औषधेही घेतली गेली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याच्या कक्षेतही आले.

एच-वनचे औषध विकताना दुकानदाराने स्वतंत्र नोंदवहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेला नग लिहायचा असतो, आणि ही वही तीन वर्षे तपासणीसाठी ठेवायची असते. तपासणी करतात अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक. शिवाय, चिठ्ठीवर एकदा औषध दिले की दुकानदाराने डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकायची, आणि पुन्हा देण्याविषयी डॉक्टरांनी लिहिले नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचे नाही, असाही नियम आहे. हा शिक्का मारण्याचा नियम साधा आहे आणि माझ्या मते या साऱ्या नियमांत सर्वाधिक उपयोगी आहे. दुर्दैवाने तोच सर्वांत कमी पाळला जातो. आपल्या घरातली एखादी जुनी चिठ्ठी काढून पाहिली, तर किती दुकानांचे शिक्के तिच्यावर आहेत, हे वाचकांना स्वतःच दिसेल.

वही भरली म्हणजे देखरेख झाली का, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. मिरकरवाड्याच्या एका खलाशाला जाळे ओढताना कमरेत उसण भरली. रत्नागिरीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला दहा दिवसांचे ट्रॅमाडॉल लिहून दिले. औषधाने दुखणे थांबले, शिवाय एक प्रकारची तरतरी वाटू लागली, आणि दहा दिवसांनी गोळी संपल्यावर अंग मोडून येऊ लागले. मग तो लांज्याच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, त्यानंतर चिपळूणच्या. तिघांनीही दुखणे खरे मानून औषध लिहिले. तीन गावांतल्या तीन दुकानांत एच-वनच्या वहीत तीन ओळी रीतसर लिहिल्या गेल्या. आता औषध निरीक्षक या तिन्ही दुकानांत गेले, तर त्यांना तिन्ही वह्या चोख सापडतील. खरेदीचे बिल, विक्रीची नोंद, शिल्लक साठा यांचा मेळ बसेल. एकही नियम मोडलेला नसेल आणि तो खलाशी दिवसाला आठ-दहा गोळ्यांवर गेलेला असेल.

याचे कारण असे की वही दुकानाची आहे, रुग्णाची नाही. तिच्यात रुग्णाचे नाव असते, पण पत्ता, जन्मतारीख किंवा ओळख क्रमांक लिहिण्याचे बंधन नाही. आपल्या कोकणात अख्खी वाडी एकाच आडनावाची असते आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तिथे नुसत्या नावावरून दोन वह्यांतल्या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत, हे कोण ठरवणार? आणि मुख्य म्हणजे, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेला ही वही कधीच पडत नाही. आपल्या व्यवस्थेची नजर मालावर आहे: कारखान्यातून किती निघाला, घाऊक विक्रेत्याकडे किती गेला, दुकानात किती उरला. चोरीचा माल पकडण्यासाठी ही नजर लागतेच. एखादे छोटे दुकान शेजारच्या दुकानांच्या वीसपट गोळ्या मागवत असेल, तर ते याच नोंदींतून उघडकीस येते. परंतु हळूहळू सवयीत गुंतत चाललेला माणूस तिला दिसत नाही.

दुसऱ्या देशाने काय केले

ही व्यवस्था सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील राज्यांनी चालवली आहे, म्हणून तिथला अनुभव पाहणे उपयोगाचे आहे. कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये अशा औषधांसाठी तीन प्रतींच्या चिठ्ठीची पद्धत सुरू केली. एक प्रत डॉक्टरांकडे, एक औषध दुकानाकडे आणि एक सरकारकडे. पुढे न्यूयॉर्क, टेक्सास, इलिनॉय, आयडाहो या राज्यांतही ती आली. कागदाची ही पद्धत संथ होती. सरकारकडे प्रत पोहोचून ती कोणी वाचेपर्यंत गोळ्या संपलेल्या असत. तरीही तिचा एक परिणाम नंतर अभ्यासकांच्या लक्षात आला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे प्रभावी वेदनाशामक बाजारात आले, तेव्हा तीन प्रतींचा नियम असलेल्या राज्यांत त्याचा खप आणि त्याची जाहिरातबाजी इतरांपेक्षा बरीच कमी राहिली, आणि पुढच्या काळात त्या राज्यांत अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंची वाढही तुलनेने मंद राहिली. सरकारकडे एक प्रत जाते, एवढी जाणीवसुद्धा लिहिणाऱ्याचा हात सावरते.

१९९० च्या दशकापासून कागदाची जागा संगणकाने घेतली आणि आज ही व्यवस्था पुढीलप्रमाणे चालते. दुकानाने नियंत्रित औषध दिले, की रुग्णाचे नाव, जन्मतारीख व पत्ता, औषध, त्याची ताकद, नग, किती दिवसांचा पुरवठा, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक ही माहिती बहुतेक राज्यांत एका दिवसाच्या आत राज्याच्या नोंदणी केंद्राकडे जाते. नंतर तो रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तर ते चिठ्ठी लिहिण्याआधी पडद्यावर त्याचा मागचा इतिहास पाहू शकतात. केंटकी आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०१२ मध्ये कायदे करून असे पाहणे डॉक्टरांना बंधनकारक केले. आधी ते ऐच्छिक असताना फारच थोडे डॉक्टर पाहत असत, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे अशा बहुतेक योजना 'ऐच्छिक' या शब्दापाशी येऊन थांबतात. सर्वांत शेवटी मिसुरी राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथली व्यवस्था सुरू झाली. इतका उशीर होण्याचे कारण होते खासगीपणाची भीती, तिच्याविषयी पुढे बोलूच.

पडद्यावर डॉक्टरांना मुख्यतः तीन गोष्टी शोधायच्या असतात. रुग्णाने थोड्या काळात अनेक डॉक्टरांकडून आणि अनेक दुकानांतून एकाच जातीचे औषध घेतले आहे का? अफूवर्गीय औषध आणि झोपेची गोळी एकाच वेळी चालू आहे का? आणि सगळी वेदनाशामके मॉर्फीनच्या मापात मोजली, तर दिवसाची एकूण मात्रा किती होते? यांतला दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिला प्रश्न संशयाचा आहे, दुसरा काळजीचा. आणि तो विचारल्याने ज्यांचा काहीही दोष नाही अशा रुग्णांचे प्राण वाचतात.

हे कितपत साधले? जिथे पाहणे बंधनकारक झाले, तिथे अनेक डॉक्टरांकडे फिरणारे रुग्ण कमी झाले आणि अफूवर्गीय औषधांच्या चिठ्ठ्याही घटल्या, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. मृत्यू कमी झाले का, याविषयी मात्र अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. चिठ्ठीवरची गोळी मिळेनाशी झाल्यावर, आधीच सवय जडलेली काही माणसे हेरॉइनकडे वळली, आणि २०१३ नंतर चोरट्या बाजारात आलेल्या फेंटानिलने परिस्थिती हाताबाहेर गेली. २०२१ मध्ये त्या देशात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. बाटलीचे तोंड बंद करायचे आणि आधीच आत अडकलेल्या माणसाला उपचार द्यायचा नाही, याचा हा परिणाम होता.

औषध बदलून धोका कसा हलतो, याचे एक जुने उदाहरणही आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम यांच्या वर्गातली औषधे तीन प्रतींच्या नियमाखाली आणली. त्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या झपाट्याने घटल्या, पण त्यांच्याऐवजी मेप्रोबामेटसारखी जुनी, जास्त धोक्याची औषधे पुन्हा लिहिली जाऊ लागली.

कडक नियमाचा भार कोणावर पडतो

आपल्या देशाला या बाजूचा अनुभव इतरांपेक्षा अधिक कटू आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा तस्करांसाठी केला गेला. परंतु त्यातल्या कठोर शिक्षांच्या धास्तीने आणि निरनिराळ्या खात्यांच्या परवान्यांच्या कटकटीने दवाखान्यांनी आणि दुकानांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोंवर आला. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या देशात लाखो कर्करुग्ण वेदनेने तळमळत राहिले. केरळमधील उपशामक (असाध्य आजारात वेदना कमी करणाऱ्या) सेवेच्या कार्यकर्त्यांनी आणि देशभरच्या डॉक्टरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक' औषधे ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मिळणारी एकच मान्यता पुरेशी झाली.

कायदा बदलला तरी धास्ती लगेच जात नाही. परळच्या टाटा रुग्णालयातून उपचार संपवून देवगडला किंवा राजापूरला परतलेल्या रुग्णाला तोंडातून घ्यायच्या मॉर्फीनच्या गोळ्या गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाहीत. घरातले कोणीतरी कागदपत्रांची पिशवी घेऊन तुतारी एक्सप्रेसने मुंबईला जाते, तेव्हा पुढचा पुरवठा येतो. पावसाळ्यात गाडी अडकली, दरड कोसळली, तर रुग्णाने वेदना सोसायच्या. अशा माणसाच्या नावापुढे संगणकाने लाल खूण उमटवली आणि ती पाहून एखाद्या नवख्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तर ती देखरेख अन्यायाची ठरेल. अमेरिकेत नेमके हेच घडले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये अफूवर्गीय वेदनाशामकांच्या मात्रेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या सल्ल्याचे अनेकांनी कुलूपबंद नियमात रूपांतर केले, आणि वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर असलेल्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडली गेली. अशा तोडण्याने अंग मोडून येते, वेदना उसळतात, काहींची जीव देण्यापर्यंत मजल जाते, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला आणि २०२२ मध्ये मूळ सूचनाही सुधाराव्या लागल्या.

बांद्याच्या पलीकडे

कोकणाच्या दृष्टीने एक प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सिंधुदुर्गातील पुष्कळ रुग्ण मोठ्या आजारासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात, काही कोल्हापूरला, काही बेळगावला. बांबोळीला लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिली पट्टी म्हापशात घेतली जाते, दुसरी सावंतवाडीत. चिठ्ठी दोन्हीकडे चालते. पण बांद्यापुढे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की औषध प्रशासन बदलते, कारण परवाने देणे आणि दुकाने तपासणे हे काम प्रत्येक राज्याचे आहे. महाराष्ट्राने उद्या उत्तम नोंदणी व्यवस्था उभारली आणि गोवा व कर्नाटक तिच्याशी जोडलेले नसले, तर दोडामार्गच्या माणसाची निम्मी औषधे तिला दिसणारच नाहीत. अमेरिकेतही सुरुवातीला प्रत्येक राज्याची नोंद वेगळी होती आणि लोक सीमा ओलांडून गोळ्या आणत. २०११ मध्ये औषधनिर्माण मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने राज्यांच्या नोंदी परस्परांना दिसाव्यात यासाठी एक जोडणी सुरू केली. आपल्याकडे हे काम केंद्रानेच करायला हवे. सीमेवरच्या जिल्ह्यांना त्याची निकड सर्वांत जास्त आहे.

आणि खासगीपण

गावात औषधाच्या दुकानाची फळी ही सार्वजनिक जागा असते. तिथे उभे राहून कोणी कोणती गोळी मागितली, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तरी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे मनाच्या आजारासाठी मुद्दाम मुंबई किंवा कोल्हापूर गाठतात, कारण त्या फाटकातून आत जाताना कोणी पाहिले तर मुलीचे लग्न अडेल अशी त्यांना भीती वाटते. चिंतेची किंवा झोपेची गोळी सरकारी यादीत नोंदली जाणार, असे कळले तर यांतले काहीजण उपचारच टाळतील. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

न्यूयॉर्कच्या नोंदणीविरुद्ध रुग्ण आणि डॉक्टर न्यायालयात गेले, तेव्हा १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'व्हेलन विरुद्ध रो' या खटल्यात नोंदणी वैध ठरवली. त्या वेळी दरमहा सुमारे एक लाख चिठ्ठ्यांची माहिती चुंबकीय फितींवर उतरवली जात होती. फिती कुलपात, मोजक्या लोकांनाच प्रवेश आणि पाच वर्षांनी कागद नष्ट करण्याची तरतूद, या बंदोबस्ताकडे न्यायालयाने आवर्जून लक्ष वेधले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला, त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने मानसिक उपचारांच्या माहितीला गोपनीयतेचे संरक्षण दिले, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे कायद्याचा पाया तयार आहे. प्रश्न आहे तो माहिती कोण पाहील याचा. अमेरिकेत काही राज्यांत पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना रुग्णाची नोंद पाहता येत नाही, काही राज्यांत चालू तपासाचे कारण पुरते. आपल्याकडे न्यायालयाच्या आदेशाची अट असावी, असे माझे ठाम मत आहे. ज्या क्षणी रुग्णाला वाटेल की डॉक्टरांच्या पडद्यामागे पोलीस ठाणे बसले आहे, त्या क्षणी तो खरे सांगणे थांबवेल आणि मग नोंदीचा काही उपयोग उरणार नाही.

इतर अटी लहान आहेत, पण त्या पाळल्या तरच हे चालेल. देखरेखीची यादी मोजक्या औषधांची हवी. प्रतिजैविकांपासून सारे काही तीत कोंबले तर डॉक्टर पडदा पाहणेच सोडतील. कर्करुग्ण आणि उपशामक उपचार घेणारे यांना स्पष्ट सूट हवी. नोंद कोणी, कधी, कशासाठी उघडली, याचीही नोंद राहावी आणि रुग्णाला ती पाहता यावी. जिथे रेंजच मिळत नाही अशा वैभववाडी-मंडणगडच्या दवाखान्यांसाठी दूरध्वनीवरून विचारण्याची सोय असावी. केंद्राच्या डिजिटल आरोग्य मोहिमेत २०२१ पासून दिला जाणारा चौदा अंकी आभा क्रमांक एका माणसाच्या दोन नोंदी जोडण्यास उपयोगी पडू शकेल. मात्र तो ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून कोणाला औषध नाकारले जाऊ नये. आणि ज्याची नोंद चिंताजनक दिसेल, त्याला पाठवण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी सवय सोडवण्याचा उपचार आधी उपलब्ध असावा. ही शेवटची अट पूर्ण होणार नसेल, तर बाकीच्या यंत्रणेची घाई करू नये.

हे सारे उभे राहीपर्यंत आजच्या नियमांत काही गोष्टी घरच्या घरी करता येतात. आईवडिलांच्या सगळ्या गोळ्या, मुंबईच्या आणि गावच्या, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी दाखवाव्यात, आणि झोपेची गोळी व वेदनाशामक एकत्र चालू आहे का, हे स्पष्ट विचारावे. दुकानदाराने चिठ्ठीवर शिक्का आणि तारीख टाकावी, असा आग्रह धरावा. चिठ्ठी मागितली म्हणून त्याच्यावर रागावू नये. मानसिक त्रासासाठी सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे आणि व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६. दुकानदार चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या सर्रास विकत असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते; तस्करीची माहिती मात्र अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या १९३३ या क्रमांकावर द्यावी.